दम, दमा आणि श्वास
(वार्षिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जालना एमआयडीसीतील पोलाद कारखान्यांचे कामगार बाह्यरुग्ण विभागात येऊन सांगतात, "डॉक्टरसाहेब, दम लागतो." केसपेपरवर मात्र 'दमा' लिहिले जाते. फरक एका कान्याचा. परंतु दम लागणे हे लक्षण आहे आणि दमा हा रोग.

इंडक्शन भट्टीचे अस्तर सिलिकायुक्त भुकटी ठोकून बसवितात. ते फोडताना व भरताना उडणारी सूक्ष्म धूळ फुफ्फुसांतील वायुकोशांपर्यंत जाते आणि वर्षानुवर्षांच्या संपर्काने सिलिकोसिस जडतो. तो बरा होत नाही. कायद्याने हा व्यवसायजन्य रोग शासनास कळविणे बंधनकारक आहे. नोंद 'दमा' अशी झाली की ते कळविणे राहते आणि कामगाराचा भरपाईचा दावाही दुबळा होतो.

दुसरा अनुभव रेशीम शेतकऱ्यांचा. जालन्याच्या बाजार समितीत 2018 साली रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. "अळीला नाक कुठे असते?" असे एका तुती उत्पादकाने मला विचारले. प्रश्न मोठा मार्मिक! अळीच्या दोन्ही कुशींवर नऊ-नऊ काळसर ठिपके दिसतात. ती तिची श्वासरंध्रे. इटालियन वैद्य मार्सेलो माल्पिघी यांनी 1669 साली रेशीम अळीवरील ग्रंथात तिच्या श्वासनलिकांचे वर्णन केले. रंध्रे तेलाने बुजविल्यास अळी मरते, हेही त्यांनी पाहिले. बेडकाच्या फुफ्फुसातील केशवाहिन्या 1661 मध्ये दाखविणारे वैद्य तेच.

'श्वासनलिका' हा शब्द दोन्ही शास्त्रांत आहे, कार्य मात्र निराळे. आपली श्वासनलिका हवा फुफ्फुसांत नेते आणि पुढे प्राणवायू रक्त वाहते. अळीचे रक्त ते काम करीत नाही. तिच्या नलिकांच्या बारीक शाखा थेट पेशींशी भिडतात. छातीची हालचाल म्हणजे श्वासोच्छ्वास. पेशींत प्राणवायू वापरला जाणे हे खरे श्वसन. छाती नसूनही अळी श्वसन करते, ते असे.

त्या शेतकऱ्यालाही खोकला होता. संगोपनगृह निर्जंतुक करताना तो फॉर्मॅलिन तोंड न झाकता फवारीत असे. त्याच्याही केसपेपरवर पूर्वीची नोंद 'दमा' हीच होती.

म्हणून 'काम कोणते, किती वर्षे' हा रकाना केसपेपरवर निदानाच्या आधी छापावा, अशी विनंती मी विश्वस्त मंडळास केली आहे. छपाईचा खर्च किरकोळ आहे. छातीच्या क्ष-किरण तपासणीसाठी मात्र आपल्या देणग्यांची गरज लागेल.