निर्माल्य आणि कचरा

उज्जैनच्या घरातून नको झालेली वस्तू दोन वाटांनी बाहेर पडते. भाजीची साले, दुधाची रिकामी पिशवी, झाडून काढलेला केर सकाळी दाराशी येणाऱ्या कचरागाडीत जातो. देवावरून उतरवलेली फुले, वाळलेला बेल, भंगलेली मूर्ती, काच तडकलेली तसबीर, गणपती छापलेली जुनी लग्नपत्रिका यांना मात्र त्या गाडीत जागा नसते. त्या वस्तू देवघराजवळच्या एका वेगळ्या पिशवीत साठत राहतात आणि अमावास्येला किंवा सणावाराला क्षिप्रेवर जातात. पहिल्या वाटेने जातो तो कचरा, दुसऱ्या वाटेने जाते ते निर्माल्य. मराठी घरात हा भेद भाषेतच मुरलेला आहे. केर, उष्टे, खरकटे, निर्माल्य हे शब्द वेगळे आणि प्रत्येकाचे नियमही वेगळे. निर्माल्याचा नियम एकच: ते पायदळी येता कामा नये.

घराच्या सवयी आणि पर्यावरण यांचा विचार करताना या दुसऱ्या वाटेकडे सहसा लक्ष जात नाही. सगळा दोष बेफिकिरीवर टाकला जातो. नदीकाठी मात्र वेगळेच दिसते. घरातून थेट नदीवर जे नेले जाते, ते जवळजवळ सगळे आदरापोटी नेलेले असते. ज्या बाईने फुलांची पिशवी पाण्यात सोडली तिने ती उकिरड्यावर पडू नये म्हणून सोडलेली असते. हा आदर खरा आहे आणि जुना आहे. बदलले आहे ते पिशवीतले सामान, आणि बदलली आहे नदी.

क्षिप्रा इंदूर जिल्ह्यात उज्जैनी गावाजवळ उगम पावते, उत्तरेकडे वाहते आणि १९५ किलोमीटरचा प्रवास करून चंबळेला मिळते. पावसाळ्याबाहेर तिला स्वतःचे पाणी फार थोडे उरते. वाटेत उज्जैनजवळच्या त्रिवेणीला इंदूरचे सांडपाणी घेऊन आलेली कान्ह नदी तिला मिळते. २०१६ च्या सिंहस्थाआधी कान्हचे पाणी नळातून उज्जैन शहराच्या पलीकडे वळवण्याची योजना झाली. त्याआधी, २०१४ मध्ये, ओंकारेश्वर प्रकल्पाच्या कालव्यातून नर्मदेचे पाणी उचलून क्षिप्रेच्या उगमाशी सोडण्यास सुरुवात झाली होती. म्हणजे उज्जैनच्या रामघाटावर उन्हाळ्यात दिसणारे पाणी बरेचदा बाहेरून आणलेले आणि बंधाऱ्यांनी अडवलेले असते. वाहत्या पाण्यात दोन-चार फुले सोडण्याची रीत अशा साचलेल्या पाण्यात पाळली की फुले जागीच कुजतात. कुजताना जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू वापरतात. स्नानयोग्य पाण्यात हा प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. पातळी त्याहून फार खाली गेली की मासे काठाशी मरून पडतात आणि पाण्याला वास मारू लागतो.

जुन्या रीती या दृष्टीने पाहिल्या तर त्यांत एक शिस्त आढळते: पाण्यात जायचे ते पाण्यात मिसळणारेच असे. पितृपक्षात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाने संजा मांडतात. रोज नवी आकृती, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या, शेवटी किलाकोट ही सर्वांत मोठी आकृती. आणि सोळा दिवसांनी तेच वाळलेले शेण खरवडून पाण्यात सोडायचे. मराठी घरांतल्या भुलाबाईची आणि भोंडल्याची ही माळवी बहीणच म्हणावी. काही घरांत खड्यांच्या गौरी बसतात. पाणवठ्यावरचे खडे मुक्याने घरी आणायचे, पुजायचे आणि पुन्हा पाण्याला द्यायचे. गणपतीच्या मूर्तीला ‘पार्थिव’ म्हणतात तेही ती पृथ्वीची, मातीची म्हणून. कुंकूसुद्धा मुळात हळदीचे: हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते. या सगळ्या वस्तू विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दिसत नसत. विसर्जन या शब्दाला त्यामुळे अर्थ होता.

आज संजाचे छापील कागद बाजारात मिळतात, कुंकवात कृत्रिम रंग असतो, हारात प्लास्टिकचा दोरा असतो आणि मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची असते. घरातली रीत तशीच राहिली आणि तिच्यातला पदार्थ पालटला. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही. मूर्ती घडवताना पाणी लागताच त्याचे जिप्सम झालेले असते आणि मूर्तीचे तुकडे महिनोन्‌महिने तळाशी पडून राहतात. केंद्रीय मंडळाने २०१० मध्ये मूर्तिविसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०२० मध्ये ती सुधारली तेव्हा प्लास्टरच्या मूर्ती नकोत, असे स्पष्ट सांगितले. तरीही स्वस्त, हलकी आणि रेखीव मूर्ती म्हणून घरे तीच घेतात.

या बाबतीत पुण्याने शोधलेला उपाय उज्जैनच्या घरांनाही उपयोगी पडण्यासारखा आहे. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवून दिले की बेकरीत वापरतात त्या अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरची मूर्ती घरच्या बादलीत साधारण ४८ तासांत विरघळते. पुणे महापालिका ही पूड नागरिकांना देत आली आहे. मूर्तीवरचे हार, मुकुट, कापड आधी काढायचे, मूर्तीच्या वजनाच्या प्रमाणात पूड पाण्यात कालवायची, मूर्ती बुडवायची आणि अधूनमधून ढवळायचे. वर राहते ते अमोनियम सल्फेटचे पाणी, ते पातळ करून झाडांना खत म्हणून घालता येते. खाली बसतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूचा, साका. अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून बादली गच्चीत किंवा अंगणात ठेवावी. ज्या घरात मूर्ती आधीच आलेली आहे त्याच्यासाठी हा तोडगा आहे. पुढच्या वर्षी शाडूची लहान मूर्ती आणली की तोही लागत नाही, कारण शाडू बादलीतच विरघळतो आणि त्याच मातीत तुळस लावता येते.

त्रिवेणी घाटावरची शनिश्चरी अमावास्या हे आणखी एक उदाहरण. स्नान करून अंगावरचे कपडे आणि पायांतल्या चपला घाटावर सोडून जायच्या, म्हणजे पनौती सुटते, अशी समजूत आहे. हजारो भाविक ती पाळतात, आणि प्रशासनाला मागाहून कपड्याचपलांचे ढीग उचलून त्यांचा लिलाव करावा लागतो. पाळणाऱ्यांत बाहेरगावचे पुष्कळ असतात, पण शहरातली घरेही असतात. वापरलेल्या कपड्याशी घराचे याहून फार वेगळे नातेही होते. बोहारीण दारावर येई, जुनी लुगडी घेऊन पातेले देई. फाटके धोतर गोधडीच्या थरांत जाई, गोधडी विटली की तिचे पायपुसणे होई. कपडा घराबाहेर पडण्याआधी तीन-चार जन्म घेत असे. आज स्वस्त तयार कपड्यांमुळे ही साखळी तुटते आहे आणि पॉलिस्टरचा कपडा सुतीसारखा मातीत जिरतही नाही.

भक्तीला प्रमाण असू शकते का, हा प्रश्न उज्जैनमध्ये प्रत्यक्ष महाकालाच्या गाभाऱ्यात उभा राहिला. हे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभे केले, आणि १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला जाईपर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. येथील मराठी घरांचे या देवळाशी नाते त्या काळापासूनचे. शिवलिंगाची झीज होत असल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली, तज्ज्ञांनी पाहणी केली आणि २०१७ मध्ये मंदिर समितीने ठरवलेल्या मर्यादा न्यायालयाने मान्य केल्या. एका भाविकाने अर्धा लिटरच, तेही आर.ओ.चे शुद्ध पाणी वाहावे. दूध किंवा पंचामृत सव्वा लिटरपर्यंतच असावे. पुढे २०२० च्या निकालाने लिंग चोळण्यासही मनाई केली. अभिषेक बंद झाला नाही, फक्त त्याचे माप ठरले. जे माप ज्योतिर्लिंगाला चालते ते घरच्या देव्हाऱ्याला चालू नये, असे कोणत्याही शास्त्राच्या आधारे म्हणता येणार नाही. पाच फुलांच्या जागी एक फूल वाहिल्याने पूजा उणी होत नाही, हे समजणारी पुष्कळ वडीलधारी माणसे घरोघरी आहेत. त्यांचे म्हणणे ऐकले जायला हवे.

उरलेल्या फुलांना तिसरी वाट आहे, ती मातीची. निर्माल्याचे खत घरच्या घरी होते आणि ते पायदळीही येत नाही. तळाला भोके असलेली मातीची कुंडी घ्यावी, खाली नारळाच्या शेंड्यांचा थर द्यावा, त्यावर फुले आणि बेल मोकळे करून टाकावेत. दोरा, जरी, अगरबत्तीच्या काड्या आणि रंगीत कुंकू वेगळे काढणे हाच यातला खरा कष्टाचा भाग. नुसती ओली फुले घातली की चिखल होऊन वास सुटतो, म्हणून प्रत्येक ओल्या थरावर सुक्या पानांचा थर हवा. कडुलिंबाची आणि पिंपळाची गळलेली पाने माळव्यात फाल्गुन-चैत्रात हवी तेवढी मिळतात, ती पोत्यात भरून ठेवली की वर्षभर पुरतात. आठवड्यातून एकदा काठीने हलवायचे, फार सुकले तर पाण्याचा हबका द्यायचा. उन्हाळ्यात दोन महिन्यांत, थंडीत थोड्या उशिरा काळसर, मातीच्या वासाचे खत तयार होते. ते तुळशीला आणि जास्वंदीला घातले की फूल ज्या देवाला वाहिले त्याच्याकडेच फिरून येते. ज्यांच्याकडे कुंडीलाही जागा नाही त्यांनी निदान निर्माल्याची पिशवी पाण्यात न सोडता घाटावर त्यासाठी ठेवलेल्या पात्रात रिकामी करावी आणि पिशवी घरी परत न्यावी. लग्नपत्रिकेचा प्रश्न तर छापतानाच सुटतो: देवाचे चित्र छापलेच नाही तर पत्रिका रद्दीत देताना कोणाचाही हात अडखळत नाही.

पहिल्या वाटेबद्दल, म्हणजे कचरागाडीबद्दल, थोडक्यात सांगून भागेल, कारण ती वाट आता बरीच रुळली आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करण्याची जबाबदारी घरावर टाकली. शेजारच्या इंदूरच्या उदाहरणाचा धाक आणि चुरस या दोन्हींमुळे उज्जैनने ती पुष्कळ उचलली, आणि स्वच्छ सर्वेक्षणाच्या सुपर स्वच्छ लीगमध्ये तीन ते दहा लाख वस्तीच्या शहरांत त्याची गणना झाली. कच्चा राहिला आहे तो तिसरा भाग. संपलेल्या बॅटऱ्या, मुदत सरलेली औषधे, फुटलेले बल्ब अजून ओल्या कचऱ्यात मिसळतात. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर कागदात न गुंडाळता टाकले जातात आणि पुढे कोणाला तरी ते उघड्या हातांनी निवडावे लागतात. पुण्यातल्या कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने यासाठी लाल ठिपक्याची खूण रुजवली: वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि वर लाल ठिपका काढायचा. निर्माल्य कोणाच्या पायाखाली येऊ नये याची घर जेवढी काळजी घेते, तेवढीच काळजी कोणाच्या हातात काय पडते याची घेतली जायला हवी. सोवळ्याचा विचार घराच्या उंबऱ्यावर संपला तर तो अपुरा राहतो.

आता पाणी. उज्जैनच्या नळांना प्रामुख्याने गंभीर नदीवरच्या धरणाचे पाणी येते. नळ आला की आदल्या दिवशी भरलेले पिंप किंवा हंडा ‘शिळे पाणी’ म्हणून ओतून टाकायचा आणि ताजे भरायचे, ही अनेक घरांतली सकाळची पहिली सवय. अन्न शिळे होते तसे पाणीही होते या समजुतीतून ती आली. झाकून ठेवलेले स्वच्छ पाणी एका दिवसात बिघडत नाही. ओतायचेच असेल तर मोरीऐवजी कुंड्यांत ओतावे, एवढा बदल पुरे.

दुसरी सवय नवी आहे. घरगुती आर.ओ. यंत्र एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर क्षारांचे पाणी नळीवाटे बाहेर टाकते. ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तेथे अशा यंत्रांची गरज नाही, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्येच म्हटले आहे. यंत्र घेण्याआधी नळाच्या पाण्याची तपासणी करून घेतली तर बहुतेक वेळा साधे गाळणे आणि उकळणे पुरेल, निदान निर्णय तरी माहितीने होईल. यंत्र असेलच तर बाहेर पडणारे पाणी बादलीत धरून फरशी पुसायला आणि संडासात वापरता येते. क्षार फार असतील तर झाडांना रोज घालू नये.

मोरीत ओतलेल्या घाणीचा भार शेवटी नदीवर पडतो, आणि नदीत बाहेरून आणाव्या लागणाऱ्या पाण्याची किंमत नर्मदेच्या योजनेवरून मोजता येते. ओंकारेश्वरच्या कालव्यातून क्षिप्रेच्या उगमापर्यंत पाणी सुमारे साडेतीनशे मीटर वर चढवावे लागते. पंपांतले आणि नळांतले नुकसान धरले नाही तरी एक हजार लिटर पाणी इतके उंच नेण्यास जवळजवळ एक युनिट वीज लागते. प्रत्यक्षात त्याहून जास्तच. नदीत जेवढी घाण कमी, तेवढे ती स्वच्छ ठेवण्यासाठी बाहेरून आणायचे पाणी कमी. कपडे धुताना साबणपूड मापाने घालणे, खरकटे आणि तेल मोरीत न लोटता आधी पुसून ओल्या कचऱ्यात टाकणे, या कामांचा संबंध त्या पंपांशी असा पोहोचतो.

पाऊस कमी झालेल्या वर्षी गंभीरची पातळी उतरते आणि शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागते. त्या उन्हाळ्यांत घरे स्वतःहून शहाणी होतात. तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला जाते, कपड्यांचे शेवटचे पाणी अंगणात सड्याला जाते, मोरीतली बादली कधी रिकामी ओतली जात नाही. पावसाळ्यात धरण भरते, नळ पुन्हा रोज येऊ लागतो आणि पुढच्याच आठवड्यात सकाळी हंडा पुन्हा मोरीत ओतला जातो.