केडगावच्या मुलींची मराठी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी दौंड तालुक्यातल्या राहू गावचा. भीमा आणि मुळा-मुठेच्या मधला आमचा टापू, राहू बेट. ऊस आणि गुऱ्हाळांचा मुलूख. लहानपणी पुण्याला निघालो की केडगावला जाऊन गाडी धरायची. तिथल्या मुक्ती मिशनकडे बोट दाखवून अब्बा म्हणायचे, "दुष्काळातल्या पोरी जगवल्या बघ इथं."

त्या पोरींची गोष्ट आज सांगायची आहे.

महाराष्ट्रातल्या पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती माणसांना धर्म बदलल्याची किंमत घरातच मोजावी लागली. ना. वा. तिलकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त ते सारं आलं आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. १८९३ साली धर्मांतराचा वाद पेटला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. दुसरीकडे, रमाबाई चर्चचं सगळं निमूट मान्य करत नाहीत म्हणून मिशनरी मंडळीही नाराज होती. दोन्हीकडून बोलणी खाणं म्हणजे काय, हे काही जणांना वेगळं सांगावं लागत नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. एवढ्या मुलींना शहरात ठेवणं अवघड झालं, म्हणून केडगावच्या माळावर तंबू पडले. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुली आल्या. मुक्तीतल्या मुली-बायकांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. विहिरी खोदल्या, शेती केली, माग बसले, तेलाचा घाणा फिरला, छापखाना सुरू झाला.

भुकेल्याला भाकरी देऊन धर्म दिला, असं काही जण म्हणतात. प्रश्न विचारायला हरकत नाही. पण सोबत आणखी एक विचारावं. त्या पोरी रस्त्यावर मरत होत्या, तेव्हा त्यांचा मूळचा धर्म सांभाळणारे आपण सगळे कुठे होतो?

या मुलींमधल्या कितीतरी जणींची घरची बोली हिंदी किंवा गुजराती. मराठी त्यांना केडगावात भेटली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची बरीच वर्षं बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण अवघड शब्द टाळून साध्या बाईला कळेल असं लिहायचं, हा त्यांचा आग्रह. त्या मजकुराचे खिळे जुळवले, पानं छापली ती मुक्तीतल्या बायकांनीच. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ साली.

आमच्या घरात दखनी बोलतात. मी कविता मराठीत लिहितो. संमेलनात कुणीतरी प्रेमानं पाठीवर थाप मारून म्हणतं, "तुमची मराठी किती छान हो!" मी हसून आभार मानतो. पण घरी येताना वाटतं, राहूत जन्मलेल्या माणसाच्या मराठीचं एवढं नवल का वाटावं? आमच्या ख्रिस्ती मित्रांनाही हा अनुभव येतो.

अशा वेळी मला खिळे जुळवणारी ती मुलगी आठवते. तिला मराठी वारशात मिळाली नव्हती. एकेक अक्षर हातानं उचलून, उलटं वाचून, ओळीत बसवून तिनं ती आपलीशी केली. मग त्या भाषेवर तिचा हक्क माझ्या-तुमच्याहून कमी कसा?

कधी केडगाव स्टेशनवरून गेलात, तर तिची आठवण काढा.