स्वमग्नता : उपचार आणि स्वीकार



एखाद्या कवीला 'स्वमग्न' म्हटले तर ते कौतुक ठरते. आपल्याच तंद्रीत गाणाऱ्या गवयाला स्वमग्न म्हटले तर त्याच्या साधनेचा गौरव होतो. तोच शब्द तीन वर्षांच्या मुलाला लागला, की घरावर मळभ येते. 'ऑटिझम' या संज्ञेसाठी मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आहे. मूळ संज्ञेतही 'स्वतः' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ती घडवली, तेव्हा त्यांच्यासमोर स्किझोफ्रेनियाचे रुग्ण होते. म्हणजे हा शब्द मुलांपर्यंत पोचला तो रोगाच्या घरून. पुढील सगळा वाद या जन्मकथेत बीजरूपाने आहे. ही अवस्था रोग मानून बरी करावयाची, की माणसाच्या घडणीतील एक नैसर्गिक भेद मानून तिचा स्वीकार करावयाचा?

या वादाचा उलगडा तत्त्वचर्चेपेक्षा एका आयुष्यातून अधिक चांगला होतो. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १९३३ साली डोनाल्ड ट्रिपलेट याचा जन्म झाला. वडील वकील, आजोळ बँकेच्या व्यवसायातले. मुलाला अक्षरे, आकडे, गाणी मुखोद्गत. वस्तू गरगरा फिरवण्यात तो रमून जाई. मात्र भोवतालच्या माणसांकडे त्याचे लक्षच नसे. वैद्यकीय सल्ल्यावरून त्याला कोवळ्या वयात घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत आणले. वडिलांनी मुलाची सारी हकीकत तेहतीस पृष्ठांच्या पत्रात बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना कळवली. १९४३ साली कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील पहिले मूल म्हणजे डोनाल्ड.

निबंध जगभर गाजला. पण डोनाल्डचे आयुष्य घडले ते एका शेतावर. नऊदहा वर्षांचा असताना त्याला एका शेतकरी दांपत्याकडे राहावयास ठेवण्यात आले. हे दांपत्य मानसशास्त्र शिकलेले नव्हते. मुलाला मोजमापाचा नाद आहे, हे पाहून त्यांनी त्याला विहीर खणावयास लावले आणि तिची खोली मोजून सांगण्यास सांगितले. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करी. त्यांनी त्याला दफनासाठी जागा नेमून दिली आणि तेथे नावांच्या पाट्या लावू दिल्या. तो मक्याच्या ओळी पुनःपुन्हा मोजत बसे. त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता मोजावयास सांगितले. कॅनर यांनी भेट देऊन हे पाहिले आणि पुढे आवर्जून नोंदवून ठेवले. त्या दांपत्याने मुलाचा नाद मोडला नाही. त्या नादाला काम दिले.

डोनाल्ड पुढे पदवीधर झाला. गावच्या बँकेत त्याने दीर्घकाळ नोकरी केली. तो मोटार चालवी, गोल्फ खेळे आणि एकट्याने देशोदेशी प्रवास करी. त्याचे बोलणे अखेरपर्यंत तुटकच राहिले. पण तो आपल्या गावचा आहे, याविषयी गावाच्या मनात शंका नव्हती. २०२३ साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी तो निवर्तला. तो 'बरा' झाला नव्हता. तो सुखाने जगला होता.

सर्वांच्याच वाट्याला असे गाव आले नाही. मुलांच्या या अवस्थेचे खापर प्रथम आयांवर फुटले. आईच्या थंड, मायाहीन वागण्यामुळे मूल स्वतःत मिटून जाते, ही कल्पना ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ सालच्या ग्रंथाने लोकांत पसरवली. आईवडिलांच्या थंडपणाविषयी स्वतः कॅनर यांनीही पूर्वी लिहिले होते. १९६९ साली पालकांच्याच एका सभेत त्यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ साली लंडनमध्ये जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि या अवस्थेची मुळे मोठ्या प्रमाणात आनुवंशिक घडणीत आहेत, हे स्पष्ट होऊ लागले. तोवर कित्येक मातांनी निष्कारण अपराधीपण सोसले होते.

आईवरचा दोष सरला, तरी उपायाची आस सरली नाही आणि जेथे आस तेथे बाजार. १९९८ च्या सुमारास सिक्रेटिन या संप्रेरकाचा गाजावाजा झाला. पुढील वर्षीच काटेकोर चाचणीत ते निष्प्रभ ठरले. त्याच १९९८ साली अवघ्या बारा मुलांवरून गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लशीकडे बोट दाखवणारा लेख एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात आला. २०१० साली तो मागे घेतला गेला, प्रमुख लेखकाची वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली. पण लशीची भीती मागे उरली. शरीरातील धातू काढण्याच्या तथाकथित उपचारात २००५ साली अमेरिकेत पाच वर्षांचा एक मुलगा दगावला. आपल्याकडे मूलपेशींच्या महागड्या उपचारासाठी पालक पदरची पुंजी ओततात; राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ साली स्वमग्नतेसाठी त्याची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले.

या पार्श्वभूमीवर १९९३ साली टोरांटो येथील परिषदेत जिम सिंक्लेअर यांनी केलेले भाषण महत्त्वाचे ठरते. सिंक्लेअर स्वतः स्वमग्न. त्यांनी पालकांना सांगितले, की तुमचे दुःख खरे आहे. परंतु ते अपेक्षिलेले मूल न मिळाल्याचे दुःख आहे. जे मूल समोर उभे आहे, त्याच्या देखत त्याच्याच नावाने शोक करू नका. स्वमग्नतेच्या आवरणाखाली कोणी निराळे, 'नेहमीसारखे' मूल दडलेले नसते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. पुढे ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्राच्या अभ्यासक ज्यूडी सिंगर यांनी १९९८ सालच्या आपल्या प्रबंधात मेंदूंच्या विविधतेची कल्पना मांडली. वनस्पतींत आणि प्राण्यांत जी विविधता आपण संपत्ती मानतो, ती माणसाच्या मेंदूतही असते, हा त्या कल्पनेचा आशय.

तथापि दुसरी बाजूही तितक्याच आदराने ऐकावयास हवी. ज्या घरातील वीस वर्षांचा मुलगा एक शब्द बोलत नाही, रात्ररात्र झोपत नाही, डोके भिंतीवर आपटून रक्तबंबाळ करून घेतो, ज्याला अपस्माराचे झटके येतात, त्या घरातील आईला 'ही निसर्गाची विविधता आहे' असे सांगणे निर्दयपणाचे होईल. तिने उपाय मागितला, म्हणजे मुलाला नाकारले असे होत नाही. डोनाल्डपाशी सधन कुटुंब होते, बँकेतील नोकरी होती, ओळखीचे गाव होते. यांतील काहीच नसलेल्या आईबापांना डोनाल्डचे उदाहरण देणे सोपे, त्यांच्यासाठी गाव उभे करणे अवघड.

या पेचातून वाट मराठीच्या एका विभक्तीत सापडते. 'त्याला बरे करणे' वेगळे आणि 'त्याचे बरे करणे' वेगळे. अपस्मार, निद्रानाश, पोटाची दुखणी यांवर औषध द्यावे. ती दुखणीच आहेत. बोलता येत नसेल तर चित्रांनी, खुणांनी, यंत्राने मनातले सांगावयास शिकवावे. स्वतःला इजा करण्यामागे कोणती वेदना आहे, कोणता आवाज वा प्रकाश असह्य होतो आहे, हे शोधावे. हे सारे त्याचे बरे करणे आहे. पण हात फडफडवणे, डोळ्याला डोळा न देणे, एकच गोष्ट शंभरदा विचारणे, यांतून कोणाचे काही बिघडत नसता, केवळ चारचौघांत बरे दिसावे म्हणून ते मोडून काढणे हे त्याचे बरे करणे नव्हे. स्वीकार म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. कोणत्या कामाला हात घालावयाचा, याचा विवेक म्हणजे स्वीकार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली सुमारे १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता. म्हणजे प्रत्येक मोठ्या शाळेत, प्रत्येक पेठेत अशी मुले आहेत. त्यांच्या पालकांच्या ओठांवर अखेर एकच प्रश्न असतो : आमच्या मागे याचे कोण? १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला नाव दिले आणि जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याचा समावेश असलेल्या स्थानिक समितीमार्फत पालक नेमण्याची सोय केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शिक्षण आणि शासकीय नोकरीतील आरक्षण यांचे दार उघडले. मात्र कायदा पालक नेमू शकतो, शेजार नेमू शकत नाही.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, कानडी, हिंदी वा तेलुगू, शाळेत इंग्रजी. मूल बोलत नाही असे दिसताच 'एकच भाषा ठेवा' असा सल्ला मिळतो आणि सोडली जाते ती बहुधा घरची भाषा. कॅनडा आणि इतर देशांत झालेल्या अभ्यासांत दोन भाषांच्या घरांतील स्वमग्न मुले त्यामुळे मागे पडल्याचे दिसलेले नाही. मग आजीची भाषा काढून घेतल्याने काय साधते? ज्या मुलाला माणसांशी नाते जोडणे आधीच कठीण, त्याच्यापासून आजीची गोष्ट, आत्याची हाक आणि देवघरातील आरती दूर जाते. त्याने उत्तर दिले नाही तरी त्याच्याशी आपल्या भाषेत बोलत राहणे हादेखील स्वीकारच होय.

शंभर वर्षांच्या ग्रंथालयाला या कामात खास निधी लागणार नाही. येथे शांतता आहे, क्रम आहे, प्रत्येक वस्तूची ठरलेली जागा आहे. स्वमग्न मुलाला हवेसे वाटावे असेच हे घर. उद्या एखादा मुलगा आईचा हात सोडून कपाटांपाशी येईल. पुस्तक उघडणार नाही. त्यांच्या पाठीवरचे क्रमांक मोठ्याने वाचत फिरेल. वाचकांच्या माना वळतील आणि आई ओशाळून त्याला बाहेर नेऊ लागेल. त्या वेळी कोणी तरी उठावे, त्या माउलीला बसावयास खुर्ची द्यावी आणि परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा त्या मुलाच्या हाती देऊन म्हणावे : ही क्रमाने लावून दे.