बक्षिशी कोणाची, मजुरी कोणाची?



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून पुष्कळांनी आम्हांला वाटेत अडवून विचारले की, जन्मभर मागणीपत्रे लिहिणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत येऊन बक्षिशीवर बोलावे, हे काय खूळ? परदेशच्या सहलीत गाइडला आणि ड्रायव्हरला किती पैसे द्यावेत, हे सांगायला सहलवाले आहेत. शंका रास्त आहे. शिवाय आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात, कारखान्याच्या फाटकावर आणि लेबर कोर्टाच्या बाकावर. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा करू नये. जे पाहिले, जे वाचले आणि जे भोगले, तेवढेच सांगणार आहोत.

निमित्त असे झाले. आपल्या कॅम्प चारमध्येच राहणारे एक गृहस्थ आहेत. अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलाने आईवडिलांना इजिप्तची सहल घडवायचे ठरवले. पन्नास माणसांच्या जथ्याबरोबरची नव्हे, तर खासगी. म्हणजे गाडी, ड्रायव्हर आणि गाइड या दोघांपुरतेच. हे गृहस्थ एका संध्याकाळी सहलीचा कागद घेऊन आमच्याकडे आले. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की, गाइड व ड्रायव्हर यांची बक्षिशी या रकमेत धरलेली नाही. ते म्हणाले, "भाऊ, सगळे पैसे भरून झाले. मग हे काय राहिले? तुम्ही मजुरीचे जाणकार. सांगा, ही मजुरी आहे की भीक?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. त्या दिवशी आम्ही थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. पुरते उत्तर द्यायला ही सभा लागली.

प्रथम शब्दाकडे पाहू. बक्षिशी हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. तोच तुर्कस्तानात गेला, तोच इजिप्तमध्येही आहे. आमचे सिंधी शेजारी तोच शब्द वापरतात. म्हणजे कैरोच्या रस्त्यावर कोणी हा शब्द उच्चारला, तर उल्हासनगरच्या माणसाला दुभाष्या लागणार नाही. फ्रेंच आणि जर्मन भाषांतले या अर्थाचे शब्द पाहिले तर त्यांचा अर्थ निघतो 'पिण्यासाठी पैसे'. आपणही 'चहापाणी' म्हणतोच. दिवाळीला पोस्टमनला देतो ती पोस्त. देणारा सगळीकडे म्हणतो, हे तर किरकोळ, घोटभर चहापुरते. पण घेणाऱ्याच्या घरी त्यावर चूल पेटत असते. या दोन बाजूंतले अंतर हाच आजचा विषय आहे.

हे अंतर आम्ही पुस्तकात वाचण्याआधी अंगावर घेतले. वयाच्या चौदाव्या वर्षी आम्ही एका हॉटेलात टेबल पुसायला लागलो. गल्ल्याशेजारी एक पत्र्याचा डबा असे. गिऱ्हाईक बशीत जे काही ठेवील ते पोऱ्याने त्या डब्यात टाकायचे. महिनाअखेरीस मालक डबा उघडी, पैसे मोजी, आणि आमच्या पगाराची रक्कम त्यातूनच पुरी करी. म्हणजे बक्षिशी गिऱ्हाइकाने आम्हांला दिली, आणि वाचला मालकाचा पगार! गिऱ्हाइकाला वाटे, आपण पोराचे भले केले. पोराला वाटे, मालकाने पगार दिला. एकटा मालकच काय ते सगळे जाणत होता. डब्यातले ते नाण्यांचे खुळखुळणे आम्ही अजून विसरलो नाही.

आपण म्हणाल, हा एका हॉटेलवाल्याचा लबाडपणा झाला. नव्हे, मोठमोठ्या देशांनी हाच हिशेब कायद्यात बसवला आहे. अमेरिकेत १९६६ च्या दुरुस्तीने टिप मिळवणाऱ्या कामगाराच्या किमान वेतनात टिपेची रक्कम धरण्याची मुभा मालकाला मिळाली. तेथे केंद्राचे किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. पण टिपेवरच्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायची किमान रक्कम १९९१ पासून अवघी २ डॉलर १३ सेंट आहे. टिपेने भरती झाली नाही तर उरलेले मालकाने भरावे असे कायदा म्हणतो, आणि कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये ही सवलत मुळी देतच नाहीत. तरी एकंदरीत डबा तोच, फक्त आकाराने मोठा. अमेरिकेत गेलेला आपला माणूस पंधरा-वीस टक्के टिप पाहून कुरकुरतो. त्याने हे लक्षात घ्यावे की, ती तेथील वेटरला खुशाली म्हणून मिळत नाही. ती त्याच्या पगाराचा भाग असते.

याच्या उलट फ्रान्समध्ये सेवेचे पैसे खाणावळीच्या दरातच धरलेले असतात. वर जे ठेवाल ते खरोखर खुशीचे. जपानात तर टिप देण्याची रीतच नाही. नोट पुढे केली तर समोरचा माणूस संकोचाने ती परत करतो. टिप नाही म्हणून तेथील सेवा वाईट आहे, असे कोणी म्हणत नाही. तेव्हा बक्षिशीवाचून माणूस मन लावून काम करीत नाही, हे मालकांचे जुने तत्त्वज्ञान आपण जपानच्या समुद्रात सोडून द्यावे हे बरे.

प्रवाशांची सेवा करणाऱ्यांनी या डब्याशी झुंज कशी दिली, याची एक गोष्ट प्रत्येक कामगाराने ऐकावी अशी आहे. अमेरिकेत पुलमन कंपनीच्या निजायच्या आगगाडीच्या डब्यांतून काळे हमाल-सेवक काम करीत. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेली माणसे कंपनीने या कामावर घेतली. पगार तुटपुंजा ठेवला आणि बाकीचे प्रवाशांच्या टिपेवर सोडले. बिछाने घालणे, बूट चमकवणे, रात्री-अपरात्री घंटेला ओ देणे. महिन्याला चारशेच्या आसपास तास भरत. प्रवासी त्या सगळ्यांना कंपनीच्या मालकाच्या नावाने 'जॉर्ज' अशी हाक मारीत. म्हणजे टिप हवी तर स्वतःचे नावही सोडायचे! १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या सेवकांनी संघटना बांधली. बारा वर्षे कंपनी नमली नाही. १९३७ साली करार झाला; पगार वाढला आणि महिन्याचे तास दोनशे चाळीसवर आले. त्या माणसांना टिप नको होती असे नव्हे. टिपेसाठी हसावे लागू नये, एवढेच त्यांचे मागणे होते.

आणि आपल्याकडे काय? मुंबईच्या गिरण्यांत १९१७ साली मालकांनी कामगारांना युद्धकाळाचा बोनस दिला. तो खुशीने दिलेला, म्हणजे बक्षिशीच. पुढे मालकांची खुशी आटली, बोनस थांबला, आणि १९२४ च्या आरंभी दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्णय दिला की, कामगारांचा यावर कायदेशीर हक्क नाही. कामगार हात हलवत परतले. पण मागणी मेली नाही. १९५० साली कामगार अपील न्यायाधिकरणाने बोनस ही निव्वळ मर्जीची देणगी नव्हे हे मान्य करून त्याचे सूत्र ठरवले, आणि १९६५ साली बोनसचा कायदा झाला. किमान चार टक्क्यांपासून सुरुवात झाली, पुढे तोच आकडा ८.३३ वर गेला. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची दिवाळी या आकड्यावर उजळली आहे. जी काल बक्षिशी होती ती आज हक्क झाली, ती अशी.

टिपेपुरते बोलायचे तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात सांगितले की, गिऱ्हाइकाने दिलेली टिप ही मालकाने दिलेली मजुरी म्हणून धरता येत नाही. २०१६ साली आयकराच्या एका खटल्यात त्याच निवाड्याचा आधार घेतला गेला. इंग्लंडमध्ये तर २०२३ साली स्वतंत्र कायदाच झाला, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपेतला पैसाही मालकाने ठेवता कामा नये असे ठरले. आमच्या लहानपणच्या त्या डब्याला कुलूप लागले ते इतक्या उशिरा, आणि तेही इतक्या दूर.

आता गाइड आणि ड्रायव्हर यांच्याकडे वळू. हॉटेलातला वेटर निदान एका छपराखाली असतो. खासगी सहलीचा ड्रायव्हर सुटा. सहल विकतो मुंबईतला एक, तेथली व्यवस्था पाहतो दुसरा, गाडी तिसऱ्याची, आणि चाकावर बसलेला चौथा. आपण भरलेल्या पैशातले त्याच्यापर्यंत किती पोहोचते, हे आपल्याला कोणी सांगत नाही. गाइडची पोटाची सोय कमी असेल तर तो आपल्याला गालिच्याच्या नाहीतर अत्तराच्या दुकानात नेतो, आणि आपल्या खरेदीवर कमिशन घेतो. आपण त्याला लबाड म्हणतो. पण त्याच्या दिवसाचे पैसे पुरे असते, तर त्याने तो तास आपल्याला देवळात घालवू दिला असता.

येथे आमचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी संघटनेच्या कामासाठी आम्ही सहाजण काठमांडूला गेलो होतो. काम आटोपल्यावर तीन दिवस गाडी ठरवून फिरलो. डोंगराची वळणे, त्यात पाऊस; ड्रायव्हर तरुण आणि फार सांभाळून चालवणारा. गाडीत आमची चर्चा काय, तर श्रमाची प्रतिष्ठा! तिसऱ्या दिवशी विमानतळावर उतरलो, सामान घेतले, त्याच्याशी हात मिळवला आणि आत गेलो. आत बसल्यावर एकाने विचारले, "ड्रायव्हरला कोणी दिले?" सहाजण एकमेकांची तोंडे पाहू लागलो. प्रत्येकाला वाटले होते, दुसऱ्याने दिले. तेथे भारतीय शंभराची नोट चालते, एकास एक पूर्णांक सहा हा दर ठरलेला आहे. म्हणजे सुटे नव्हते, चलन नव्हते, अशी सबबही उरली नाही. पुढे महिन्याभराने ओळखीच्या एका माणसाबरोबर आम्ही पैसे पाठवले. त्याला ते पोहोचले. पण त्या दिवशी तो मोकळ्या हाताने घरी गेला, ते काही परत फिरवता आले नाही. तेव्हापासून श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलताना आमचा आवाज थोडा खाली येतो.

म्हणून परदेशी जाणाऱ्यांना आमचे चार शब्द. निघण्यापूर्वीच सहलवाल्याला लेखी विचारा की, ड्रायव्हर व गाइड यांना रोजचे पैसे मिळतात का, आणि बक्षिशी आधीच कापून घेतली आहे का. घेतली असेल तर ती त्यांच्या हाती कशी पडते. त्या देशाची रीत काय हे माहीत करून घ्या, आणि ती रक्कम सहलीच्या खर्चातच धरा. शेवटच्या दिवशी उरलेल्या चिल्लरीतून काढू नका. परदेशी नाणी तर मुळीच देऊ नका, कारण ती बदलून मिळत नाहीत. शक्यतो तेथल्याच चलनातल्या नोटा द्या. गाइडला आणि ड्रायव्हरला वेगवेगळे द्या. गाइड गोड बोलतो म्हणून लक्षात राहतो. ड्रायव्हर गप्प असतो, पण जीव त्याच्या हातात असतो. गाइड गावोगाव बदलतो, म्हणून त्याचा निरोप घेतानाच द्या. आणि द्याल ते स्वतःच्या हाताने, त्याचे नाव घेऊन द्या. काम वाईट झाले असेल तर तक्रार करा. ती न करता निम्मे पैसे कापून शिक्षा करू नका. आपण गिऱ्हाईक आहोत, मालक नव्हे.

पण बंधुभगिनींनो, एवढ्यावर थांबलो तर हे व्याख्यान विमानात बसणाऱ्यांपुरतेच राहील. विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर पिवळ्या पाटीची गाडी घेऊन जो उभा असतो, तोही खासगी सहलीचाच ड्रायव्हर आहे. आपण दोन दिवसांत अष्टविनायक उरकतो. आपण भक्तनिवासात झोपतो, आणि तो गाडीत सीट मागे पाडून, काच बोटभर उघडी ठेवून, डास मारीत पडतो. पहाटे पाचला आपण त्यालाच म्हणतो, "चला, उशीर होतोय." नाइट हॉल्टच्या भत्त्यावरून घासाघीस होते, आणि मालक त्याला सांगतो, "पगार कमी आहे खरा, पण पार्टीकडून टिप सुटते ना?" पुन्हा तोच डबा! १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास ठरवले. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यापुरता होता. दोन गाड्यांच्या मालकाचा ड्रायव्हर त्यात बसलाच नाही. तमिळनाडू सरकारने २०२३ साली हॉटेलांना पाहुण्यांच्या ड्रायव्हरांसाठी निजायची सोय करण्याचा नियम केला. आपणही हॉटेलची खोली ठरवताना एवढे विचारायला काय हरकत आहे की, ड्रायव्हर कुठे झोपणार? शिणलेल्या ड्रायव्हरची झोप ही आपल्याच लेकराबाळांची सुरक्षितता आहे.

कैरोत जाऊन डॉलर मोजणारा हात विठ्ठलवाडीला उतरल्यावर शंभराच्या नोटेसाठी मागे का सरावा? तेथे आपण लाजेने देतो. येथे लाज कोणाची वाटावी, तर आपल्याच माणसाची वाटत नाही.

ते गृहस्थ इजिप्तहून सुखरूप परत आले. भेटायला आले तेव्हा म्हणाले, "भाऊ, ड्रायव्हरचे नाव विचारले, आणि पाकीट त्याच्या हाती दिले. तो काय बोलला ते कळले नाही. पण त्याने छातीवर हात ठेवला." मग थोडे थांबून म्हणाले, "विमानतळावरून घरी आणणाऱ्या आपल्या पोरालाही दिले. त्याचे नाव मात्र विचारायचे राहिले."

त्यांचा प्रश्न होता, ही मजुरी की भीक? आमचे उत्तर असे की, ती दोन्ही असू नये. मजुरी मालकाने द्यावी, पुरती द्यावी, आणि ती मिळवून देणे हे संघटनेचे काम. ते पुरे होईपर्यंत बक्षिशी हातची राखू नये. आणि ते पुरे झाल्यावर जी राहील ती खरी खुशी. त्या दिवसापर्यंत, गाडीतून उतरताना मागे वळून एकदा ड्रायव्हरचे नाव तरी विचारावे.