आपला रुपया कोठे गुंतला आहे?



कुपवाडच्या एमआयडीसीत धातूचे काम आपल्या परिचयाचे आहे. ॲल्युमिनियम बॉक्साइटपासून होते, आणि बॉक्साइट बहुधा डोंगरमाथ्यावर सापडतो. ओडिशातील नियमगिरी हा तसाच डोंगर, डोंगरिया कोंध आदिवासींचे दैवत. तेथे वेदांत कंपनीला खाण हवी होती. कंपनीत चर्च ऑफ इंग्लंडचे शेअर होते. मानवी हक्कांबाबत समाधान न झाल्याने चर्चने फेब्रुवारी २०१० मध्ये ते विकले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. बाराही ग्रामसभांनी नकार दिला.

डोंगर आदिवासींनीच राखला. आपण मंडळीचा निधी आणि घरची बचत कोठे गुंतली आहे, एवढे तरी विचारू या. दानपेटीतला रुपया आदिवासी मुलांना शिकवतो. फंडातला रुपया त्यांचे गाव उठवत नाही ना, हे पाहणेही आपलेच काम आहे.