ओठावरचा फोड आणि मनातला संकोच

मराठी घरांतून एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तापाने हैराण झालेल्या माणसाच्या ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका उठला, की वडीलधारी माणसे समाधानाने म्हणत, ‘चला, ताप बाहेर पडला!’ फोडांवर थोडे तूप लावले जाई, आठ-दहा दिवसांत खपली धरून ती गळून पडे आणि त्या गोष्टीची कुणाला आठवणही राहत नसे. आज तोच रोगी दवाखान्यात जातो, डॉक्टर कागदावर ‘हर्पीस’ असा शब्द लिहितात आणि तो वाचताच रोग्याच्या पायांखालची जमीन सरकते. फोड तोच असतो, ओठही तोच असतो. बदललेले असते ते नाव. परंतु त्या नावामुळे विवाहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या कित्येक तरुण-तरुणींची झोप उडते.

हे नाव ज्या ग्रीक धातूपासून आले, त्याचा अर्थ ‘सरपटणे’ असा आहे. आपल्याकडे अंगावर पट्ट्यासारख्या उठणाऱ्या फोडांना ‘नागीण’ म्हणतात, तीही सरपटणारीच. नावांच्या या सारखेपणामुळे अनेकांचा घोटाळा होतो. नागीण होते ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे. ओठावरचा फोड हे हर्पीस सिम्प्लेक्स या निराळ्या विषाणूचे काम होय. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुधा तोंडाशी वस्ती करतो, दुसरा बहुधा जननेंद्रियांशी. दुसऱ्याच्या नावाला जी लज्जा चिकटली, ती पहिल्याच्याही माथी आली आणि ओठावर फोड दिसताच माणसाच्या शीलाविषयी कुजबूज सुरू झाली.

वस्तुस्थिती काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगातील पन्नास वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे शेकडा ६४ जणांच्या शरीरात पहिल्या प्रकारचा विषाणू होता. यांतील पुष्कळांना तो लहानपणीच मिळालेला असतो. आजीने लाडाने घेतलेला मुका त्याला पुरेसा होतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. एकदा शिरलेला विषाणू मज्जातंतूच्या वाटेने कानाजवळच्या कवटीच्या भागात असलेल्या मज्जापेशींच्या एका गाठीत जाऊन निद्रिस्त होतो. ताप, कडक ऊन, अतिश्रम, मनस्ताप अशा निमित्ताने तो जागा होतो आणि आलेल्या वाटेनेच परत ओठावर येतो. ताप फोडावाटे बाहेर पडत नाही. तापामुळे झोपलेला पाहुणा उठतो, एवढेच.

यावरून एक गोष्ट उघड होते. वाङ्निश्चयानंतर एखाद्या तरुणाच्या ओठावर प्रथमच फोड दिसला, तर तो त्याच महिन्यात कुठून तरी आणला असे मुळीच सिद्ध होत नाही. रक्ताच्या तपासणीत विषाणूच्या खुणा सापडल्या, तरी तो केव्हा आणि कुणापासून आला हे रक्त सांगत नाही. अशा तपासणीच्या कागदावर संशय उभारणे आणि त्या संशयापायी ठरलेला विवाह मोडणे हा निव्वळ अन्याय होय.

मात्र लज्जा सोडायची म्हणजे सावधगिरी सोडायची असे नव्हे. फोड येण्यापूर्वी ओठावर झिणझिण्या किंवा जळजळ होते. त्या क्षणापासून खपली पडून कातडी पूर्ववत होईपर्यंत चुंबन टाळावे. पेला, रुमाल, वस्तरा आपापला ठेवावा. या काळात मुखाचा जननेंद्रियांशी संबंध आला, तर तेथेही हा संसर्ग होऊ शकतो. फोडाला लागलेले बोट डोळ्याला लावू नये. बुबुळावर व्रण पडून दृष्टीला धोका पोचतो. आणि नवजात बालकाचा मुका तर कटाक्षाने घेऊ नये, कारण त्याच्या कोवळ्या जिवावर बेतण्याचा संभव असतो.

हाच विषाणू कधी बोटाच्या पेरावरही उतरतो. अंगठा चोखणाऱ्या मुलांना आणि हातमोज्यांवाचून रोग्यांच्या तोंडात हात घालणाऱ्या दंतवैद्यांना व परिचारिकांना हा त्रास होतो. बोट ठणकते, सुजते आणि पाहणाऱ्याला नखुरडे वाटते. घरात कुणी बोट लिंबात खुपसून ठेवायला सांगतो, कुणी चिरा देऊन पू काढायला सांगतो. परंतु या फोडांत पू नसतो. चिरा दिल्याने दुखणे पसरते आणि जखम चिघळते. कोरडी पट्टी बांधावी, हात वारंवार धुवावेत, बाळाला न्हाऊ घालण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

औषधाच्या बाबतीत निराश होण्याचे कारण नाही. गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात असायक्लोव्हिर हे औषध पुढे आणले. विषाणूच्या वाढीला ते अडवते आणि निरोगी पेशींना फारसा उपद्रव देत नाही. १९८८ साली नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत एलियन होत्या. झिणझिण्या जाणवताच डॉक्टरांच्या सल्ल्याने असे औषध घेतले, तर दुखणे लवकर आवरते. वारंवार फोड येत असतील, तर ते रोज घेण्याचीही सोय आहे. निद्रिस्त विषाणूला समूळ उखडण्याचा उपाय मात्र अद्याप नाही.

म्हणूनच जोडीदाराला सांगण्याचा प्रश्न उरतो. फोड नसतानाही लाळेतून विषाणू कधीकधी बाहेर पडतो. तेव्हा ‘आता काही धोका नाही’ असे वचन प्रामाणिक माणसाला देता येत नाही. सत्य सांगता येते. त्यासाठी लांबलचक कबुलीजबाबाची गरज नसते. ‘मला अधूनमधून ओठावर फोड येतो, तो संसर्गाचा आहे, तेवढे दिवस जपावे लागते,’ ही तीन वाक्ये जवळीक वाढण्यापूर्वी, शांतपणे, मान खाली न घालता बोलली म्हणजे पुरे. ऐकणाऱ्यानेही ती तशीच ऐकावीत. त्याला स्वतःलाही हा विषाणू बालपणीच भेटलेला असण्याचा संभव पुष्कळ असतो. जे सांगायला दोन मिनिटे लागतात, ते लपवायला वर्षानुवर्षे निमित्ते शोधावी लागतात. फोड आठ-दहा दिवसांत बरा होतो. उशिरा कळलेल्या लपवाछपवीचा व्रण भरून यायला मात्र फार काळ लागतो.