कायदा बंदरावर उतरला पाहिजे
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या महोत्सवात आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली. विषय आमच्यावरच सोपविला होता. लहान मच्छीमारांसाठी सरकारने आखलेले धोरण अंमलात कसे येते, हा विषय आम्ही सांगितला, तेव्हा एक स्नेही हसून म्हणाले, "हरणीच्या मंडळींना समुद्राशी काय कर्तव्य?"

कर्तव्य आहे. आपल्यातील कित्येक घरांचे मूळ कोकणात आहे, हे एक कारण. दुसरे असे की, बडोदे शहर समुद्रापासून दूर असले तरी बडोदे संस्थानाला किनारा होता. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी ओखामंडळाच्या समुद्राची पाहणी जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाकडून करवून घेतली, आणि तिचे अहवाल १९०९ व १९१६ मध्ये छापले गेले. पाण्यात काय आहे हे आधी जाणावे आणि मग हुकूम काढावा, ही रीत आपल्याच राजाची.

त्यांची आणखी एक रीत आठवावी. सक्तीचे प्राथमिक शिक्षण त्यांनी एका फर्मानाने सगळ्या राज्यावर लादले नाही. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग केला, आणि १९०६ मध्ये तो राज्यभर नेला. मुलाने शाळेत यावे असा हुकूम काढणाऱ्याला आधी शाळा बांधावी लागते, मास्तर नेमावा लागतो. आजच्या विषयाचे सारे मर्म यात आहे.

आता किनाऱ्याकडे वळू. महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. पारंपरिक होड्यांनी मासेमारी करणाऱ्यांचे हित विशेष करून जपावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. किनाऱ्यापासून पाच वाव, आणि काही भागांत दहा वाव खोलीपर्यंतच्या पाण्यात यांत्रिक ट्रॉलरना मज्जाव झाला. पुढे पर्ससीन जाळी आली. हे जाळे माशांच्या थव्याला वेढा घालून खालून आवळतात, आणि सबंध थवा एका खेपेत उचलला जातो. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश निघाला. पर्ससीनचे ४९५ परवाने कमी करीत अखेर १८२ वर आणावेत आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच असावा, असे ठरले. २०१७ मध्ये केंद्राचे सागरी मत्स्यधोरण आले. ज्या पातळीवर काम होते, शक्यतो त्याच पातळीवर निर्णय व्हावा, हे त्याच्या तत्त्वांपैकी एक.

जगातही हाच विचार चालू होता. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्यसमितीने २०१४ मध्ये लहान मच्छीमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. ती चंद्रिका शर्मा या भारतीय कार्यकर्तीच्या स्मृतीस अर्पण केलेली आहेत. मच्छीमारांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या या बाई त्याच वर्षी मार्चमध्ये मलेशियाच्या बेपत्ता झालेल्या विमानात होत्या.

म्हणजे कागदाला उणे नाही. मग अडते कोठे? आमच्या मते तीन ठिकाणी.

पहिले ठिकाण समुद्र. राज्याची हद्द बारा सागरी मैलांची, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरांची. रात्री एखादी मोठी नौका आत आली तर ती पहिल्याने दिसते ती डोल जाळे लावून बसलेल्या तांडेलाला. गस्तीचा अधिकार त्याच्याकडे नाही, आणि ज्याच्याकडे आहे तो त्या घटकेला तेथे नसतो. तांडेलाचे सांगणे विनाविलंब नोंदले जाईल अशी व्यवस्था नसेल, तर खोलीचा नियम कागदावरच राहतो.

दुसरे ठिकाण चूल. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना बंदी असते. ती योग्यच आहे. पावसाळ्यात होड्या वर ओढून नारळीपौर्णिमेनंतर समुद्रावर जाण्याची कोळ्यांची चाल कायद्याहून जुनी आहे. पण खलाशाचे पोट दोन महिने थांबत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या मत्स्यसंपदा योजनेत बंदीकाळासाठी तरतूद होती : गरीब मच्छीमाराने दीड हजार साठवावे, सरकारने तीन हजार घालावे, आणि ते साडेचार हजार तीन महिन्यांत वाटून द्यावे. महिन्याला दीड हजार झाले! शिवाय नाव यादीत हवे, बँकेचे खाते हवे, कागद वेळेवर हवेत. मासळी निवडणारी, सुकविणारी, डोक्यावर पाटी घेऊन विकणारी कोळीण तर नौकेच्या परवान्यावर कोठेच नसते. मग यादीत तिचे नाव कोण घालणार?

तिसरे ठिकाण बाजार, आणि येथे आम्ही स्वतःच आरोपी आहोत. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांचा किमान आकार ठरविला. पापलेट १३५ मिलिमीटरांहून लहान धरू नये, बांगडा १४० हून लहान धरू नये. त्याच महिन्यात पापलेट राज्यमासा झाला. नोव्हेंबरात आपल्या गुजरातने घोळ माशाला तो मान दिला. मान दिला खरा, पण त्याच सुमारास आम्ही बाजारातून तळहाताएवढी पापलेटे स्वस्त म्हणून आणली आणि आवडीने खाल्ली. पिशवीत पिलेच आहेत हे घरातल्या आजीने सांगितले, तेव्हा आम्ही हसण्यावारी नेले. आज त्याची लाज वाटते. विकत घेणारा असतो तोवर जाळ्याचा आस, म्हणजे दोन गाठींमधले भोक, बारीकच राहणार.

यावर उपाय नाही असे नाही. पालघर जिल्ह्यातील सातपाटी पापलेटासाठी प्रसिद्ध आहे. तेथील मच्छीमार सहकारी संस्था मासा वजनावर प्रत लावून घेतात. मोठ्याला अधिक भाव, लहानाला कमी. जेथे तराजू गावाच्या संस्थेच्या हाती असतो, तेथे लहान मासा सोडून देण्यात मच्छीमाराचाही लाभ असतो. शंभर निरीक्षकांना जे साधत नाही ते असा तराजू साधू शकतो. म्हणून आमचे म्हणणे एवढेच : परवाना, गस्त, बंदीची यादी आणि भाव, या चारही गोष्टींत गावच्या संस्थेला बसण्याची जागा आणि बोलण्याचा अधिकार मिळावा. नाहीतर नियम पाळणारा लहान माणूस उपाशी, आणि मोडणारा मोठा सुखात, असे होते.

आपल्या न्यासाला यात काय करता येईल? लहान पापलेट घ्यावयाचे नाही, असा नेम आजपासून घरोघर धरावा. ज्यांची नाती किनाऱ्यावरच्या गावांत आहेत त्यांनी सुटीत तेथे जाऊन अर्ज लिहून द्यावेत, आणि बायकांचे अर्ज आधी. न्यासाच्या शिष्यवृत्त्यांत मच्छीमारांच्या मुलांचाही विचार व्हावा, अशी विश्वस्तांना आमची नम्र विनंती आहे.

महाराजांनी हुकमाआधी शाळा बांधली. आपल्याला निदान एक अर्ज लिहिता येईल आणि एक पिशवी रिकामी आणता येईल.